‘कुत्र्याचे मरण’ या वाक्प्रचाराच्या निमित्ताने

मराठीत एखाद्याच्या मरणाची अवहेलना करावयाची असली की ‘तो कुत्र्याच्या मौतीने मेला’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. परीक्षेत हा वाक्प्रचार आला की विद्यार्थी फारसे अडत नाहीत. बेवारसपणे, उघड्यावर, घोटभर पाणीही न मिळता येणारे मरण, असा अर्थ ते लिहितात आणि त्यांना पूर्ण गुण मिळतात. अर्थ बरोबरच आहे. आमचा आक्षेप आहे तो त्या अर्थामागच्या निश्चिंतपणाला. कुत्र्याला असेच मरण यावयाचे, ही जणू सृष्टीची रीत, असे हा वाक्प्रचार धरून चालतो. ते मरण कोणाच्या हयगयीने येते, हे तो विचारीत नाही. ते विचारण्यासाठी हा लेख आहे.

आम्ही जालना जिल्ह्यातील महाविद्यालयांत मराठी शिकवणारे काही अध्यापक आहोत. गावाबाहेर एका पत्र्याच्या शेडमध्ये जखमी, आजारी आणि टाकून दिलेल्या कुत्र्यांचा निवारा आम्ही काही वर्षांपासून चालवतो. त्याला ना अनुदान, ना फलक. आपसातली वर्गणी आणि पगारातून बाजूला काढलेली रक्कम, एवढ्यावर तो उभा आहे. या उद्योगाबद्दल आमच्याच व्यवसायबंधूंकडून दोन मते कानी पडतात. पहिले कौतुकाचे: ‘तुमचं काळीज फार मोठं, आम्हाला नाही बुवा जमायचं.’ दुसरे उपरोधाचे: ‘ज्या मराठवाड्यात शेतकरी गळफास घेतो, तिथं तुम्हाला कुत्री सुचतात तरी कशी?’ ही मते परस्परविरुद्ध भासतात. परंतु दोहोंच्या लेखी हा काळजाचा मामला आहे. एकाला ते काळीज मोठे वाटते, दुसऱ्याला ते भलतीकडे वाहवलेले दिसते. आमचे म्हणणे असे की, जे काम स्थानिक संस्थांच्या अंदाजपत्रकात असावयास हवे, ते चार माणसांच्या भावनांवर टाकून दिले गेले आहे; आणि त्या भावनांचे कौतुक किंवा थट्टा करून उरलेला समाज मोकळा झाला आहे.

प्रथम त्या भावनांविषयी बोलू, कारण त्या खऱ्या आहेत आणि त्यांची किंमत आम्ही मोजतो.

‘भाद्रपदातली कुत्री’ हा शब्दप्रयोग आपण टवाळीने करतो. निवारा चालवणाऱ्याला मात्र भाद्रपद हे वेळापत्रक असते. कुत्रीचा गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा. म्हणजे भाद्रपदानंतर दोन महिन्यांनी, कार्तिकाच्या थंडीत, पिले जन्मतात. याच सुमारास अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांतील ऊसतोड कुटुंबे बिऱ्हाड घेऊन साखर कारखान्यांकडे निघतात. तांडे आणि वस्त्या निम्म्या रिकाम्या होतात. रोज ओसरीपाशी भाकरीचा तुकडा मिळणारी कुत्री एकाएकी पोरकी होतात. आईचे दूध आटते. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती ओसरली की दीड-दोन महिन्यांच्या पिलांना पार्व्हो गाठतो. उलट्या, रक्ताची हगवण, आणि बहुतेकदा काही दिवसांतच शेवट. पौषात आमच्या दारापाशी खोकी सापडतात. त्यांत चार-पाच पिले असतात आणि बहुधा सगळ्या माद्या; नर तेवढे कोणीतरी आधीच उचलून नेलेले असतात.

अशा खोक्यातले एखादे पिलू सलाईनवर चार दिवस काढते आणि पाचव्या दिवशी आपणहून उठून वाटीतला दहीभात हुंगते. त्या क्षणाचा आनंद आम्ही लपवीत नाही. पण त्याच सकाळी त्याची भावंडे पुरावयाची असतात. अकराच्या तासाला बी. ए.च्या वर्गापुढे ‘करुण रसाचा स्थायीभाव शोक’ असे आम्ही सांगतो, तेव्हा हाताचा फिनेलचा वास गेलेला नसतो. दत्तक दिलेले कुत्रे नव्या घरी रुळल्याचे छायाचित्र येते, तो आठवडा सोपा जातो. दीड महिन्याने त्याच घरातून फोन येतो: ‘सर, तुमचं कुत्रं घेऊन जा, फार भुंकतं.’ त्या वाक्यातला ‘तुमचं’ हा शब्द भाषेच्या अभ्यासकाने अवश्य ऐकावा.

याहून अवघड भाग निवडीचा. पिंजरा एकच रिकामा असतो. सळया वाहणाऱ्या ट्रकखाली कंबर मोडलेली एक कुत्री आणि मानेच्या जखमेत अळ्या पडलेला एक कुत्रा एकाच दिवशी येतात. कोणाला आत घ्यायचे आणि कोणाच्या जखमेवर औषध टाकून त्याला सावलीत सोडून यायचे, हे ठरवावे लागते. ज्याचा पाठीचा कणा जोडता येणार नाही त्याला पशुवैद्य दयामरणाचे इंजेक्शन देतात, तेव्हा त्याचे डोके धरून बसणारा कोणीतरी आमच्यातलाच असतो. रेबीजचा संशय असलेले कुत्रे वेगळे ठेवून त्याच्यावर दहा दिवस नजर ठेवावी लागते. जबडा लोंबू लागला, लाळ गळू लागली, की करण्यासारखे काही उरत नाही. लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग, कुत्र्याला असो वा माणसाला, जवळजवळ नेहमीच मृत्यूकडे नेतो.

आणि या दुःखाला मराठीत जागा नाही. माणूस ‘जातो’, ‘वारतो’, जनावर ‘मरते’. ‘आमची काळी गेली’ असे कोणी स्टाफरूममध्ये म्हटले तर क्षणभर शांतता पसरते, आणि काळी म्हणजे कोण हे कळले की हशा पिकतो. २०२१ च्या डिसेंबरात शेजारच्या बीड जिल्ह्यात, माजलगाव तालुक्यातील लवूळ येथे माकडे कुत्र्यांची पिले उचलून झाडांवर आणि घरांच्या छतांवर नेऊ लागली. त्यात पिले दगावली. वनखात्याने दोन माकडे पकडून नेली. एवढ्या घटनेतून ‘माकडांचा सूड’ अशी कथा रचली जाऊन ती जगभर पसरली आणि समाजमाध्यमांवर विनोदांचा पाऊस पडला. मराठवाड्यातले एक गाव त्या आठवड्यात जगाला ठाऊक झाले ते मेलेल्या पिलांवरच्या विनोदामुळे, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकांना तरी खटकावयास हवी होती.

येथे आमचा मुख्य मुद्दा येतो. मरण पाहून माणूस जितका खचतो, त्याहून अधिक तो ‘हे टळले असते’ या जाणिवेने खचतो. पार्व्होची लस आहे. रेबीजची लस आहे. भाद्रपदाआधी शस्त्रक्रिया झाली तर कार्तिकातली खोकी येणार नाहीत. आमच्या चढउतारांपैकी मोठा भाग नशिबाचा नाही. तो न झालेल्या कामाचा आहे. या कामाला ज्या वेगाने नवे स्वयंसेवक मिळतात त्याच वेगाने जुने सोडून जातात. त्यांचे काळीज लहान असते म्हणून ते जात नाहीत. एकच टाळता येण्याजोगे दुःख दरवर्षी त्याच महिन्यात पाहण्याची माणसाची ताकद संपते, म्हणून जातात.

ते काम कोणाचे, हे अस्पष्ट नाही. केंद्र सरकारने २००१ मध्ये प्राण्यांच्या जन्मनियंत्रणाचे नियम केले आणि मार्च २०२३ मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आणले. कुत्र्यांचे निर्बीजीकरण आणि रेबीजविरोधी लसीकरण ही स्थानिक संस्थेची जबाबदारी, असे त्यांत आहे. जालना नगरपालिकेची २०२३ मध्ये महानगरपालिका झाली. फलक बदलतो त्यासोबत कर्तव्येही मोठी होतात, ही नागरिकशास्त्राची साधी गोष्ट आहे. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे १ कोटी ५३ लाख भटकी कुत्री मोजली गेली. इतक्या कुत्र्यांचे नियोजन कोणाच्या प्रेमाने होणार नाही, आणि कोणाच्या द्वेषानेही नाही.

द्वेषाचा प्रयोग तर करून झालेला आहे. मुंबईत ब्रिटिश अंमलात बक्षीस लावून कुत्री मारली जात. त्याविरुद्ध जून १८३२ मध्ये पारशी समाज रस्त्यावर उतरला, दुकाने बंद झाली, दंगल झाली. तरीही कुत्री मारण्याची पद्धत पुढे चालूच राहिली आणि मुंबई महापालिकेने ती १९९४ मध्ये थांबवली. दीड शतकाहून अधिक काळ मारूनही मुंबईतली कुत्री संपली नाहीत, कारण एक गल्ली मोकळी झाली की शेजारच्या गल्लीतली कुत्री तेथे येतात, आणि मोकळ्या अन्नावर त्यांची पिले वाढतात.

दुसरा प्रयोग गोव्यात झाला. तेथे २०१४ पासून सरकार आणि ‘मिशन रेबीज’ यांनी मिळून राज्यभर कुत्र्यांचे सामूहिक लसीकरण हाती घेतले. जाळी घेतलेली पथके वाड्यावाड्यांत जात, लस टोचलेल्या कुत्र्यावर रंगाची खूण करीत, मोबाइलवर त्याची नोंद ठेवीत, आणि शाळांतून मुलांना कुत्र्यापासून सुरक्षित कसे राहावे हे शिकवीत. सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस दिली की रेबीजची साखळी तुटते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्या हिशेबाने काम झाले. २०१८ पासून सलग तीन वर्षे रेबीजने माणूस दगावल्याची एकही नोंद झाली नाही आणि २०२१ मध्ये गोवा ‘रेबीज नियंत्रित क्षेत्र’ म्हणून जाहीर झाला. गोव्याचा माणूस जालन्याच्या माणसाहून अधिक दयाळू आहे असे मानावयास आधार नाही. तेथे दयेवर विसंबून न राहता वेळापत्रक आखले गेले, एवढाच फरक.

आता ‘भूतदया’ या शब्दाकडे वळू, कारण आमच्या कौतुककर्त्यांचा तो आवडता शब्द आहे. संतपरंपरेचा दाखला देताना नामदेवांची गोष्ट हमखास सांगितली जाते. कुत्र्याने भाकरी पळवली आणि कोरडी भाकरी त्याला कशी जाईल म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. ही आख्यायिका आपण नामदेवांच्या अंतःकरणाची थोरवी म्हणून शिकवतो. आम्हाला तीत महत्त्वाचे वाटते ते धावणे. नामदेव जागीच बसून गहिवरले असते तर कुत्र्याला तूप मिळाले नसते. पैठणच्या नाथांची कथाही तशीच. तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला त्यांनी कावडीतले गंगाजल पाजले. दोन्ही कथांत भावनेपेक्षा कृती आधी आहे, आणि ती कृती नेमक्या गरजेला धरून आहे. परंपरेने गहिवर तेवढा उचलला आणि धावणे इतरांवर सोपवले.

महाभारताचे वाचनही याच रीतीने झाले आहे. त्या ग्रंथाच्या आदिपर्वात जनमेजयाच्या यज्ञाजवळ सरमेच्या पिलाला विनाकारण मारहाण होते आणि ती आई जाब विचारून शाप देते. अखेरीस, महाप्रस्थानात, युधिष्ठिर सोबत आलेल्या कुत्र्याला टाकून स्वर्गात जाण्यास नकार देतो. मार खाल्लेल्या कुत्र्यापासून न टाकलेल्या कुत्र्यापर्यंतचा हा प्रवास आहे. मग तो कुत्रा धर्म असल्याचे उघड होते, आणि आपण सुटकेचा निःश्वास टाकतो. रूपक उलगडले की कुत्र्याकडे पाहण्याची गरज उरत नाही. वास्तविक युधिष्ठिराने नकार दिला तेव्हा त्याच्या दृष्टीने ते कुत्रेच होते. शरण आलेल्याला टाकणे हे महापाप, एवढाच त्याचा युक्तिवाद होता. ते शेवटपर्यंत कुत्रेच राहिले असते तर आपण त्याचा निर्णय तितकाच थोर मानला असता काय? वर्गात हा प्रश्न विचारून पाहावा.

आमच्यावरील सर्वांत गंभीर आक्षेप मात्र येथून येत नाही. तो दलित साहित्याने घडवलेल्या जाणिवेतून येतो, आणि त्याची थट्टा करणे शक्य नाही. मार्च १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सत्याग्रह केला. ज्या तळ्यावर जनावरांना मज्जाव नव्हता तेथे माणसांना होता. ज्या समाजाने मुंगीला साखर घातली आणि माणसाला पाणी नाकारले, त्याच्या भूतदयेवर कोणी विश्वास ठेवावा? ठेवू नये, असेच आम्हीही म्हणतो. दया देणाऱ्याच्या लहरीवर चालते. कोणाला द्यायची आणि कोणाला नाही, हे तोच ठरवतो. महाडला मागितला होता तो हक्क. आमचा आग्रह त्याच दिशेचा आहे. कुत्र्याचा प्रश्न कोणाच्या पुण्यसंचयाचा विषय राहू नये; तो नियम, निधी आणि उत्तरदायित्व यांचा विषय व्हावा.

शेतकऱ्याच्या गळफासाचा दाखला देणाऱ्यांनाही उत्तर येथेच आहे. कुत्रा चावतो तो बहुधा पायी चालणाऱ्याला, उघड्यावर झोपणाऱ्याला, वस्तीवर खेळणाऱ्या मुलाला. जखम तत्काळ साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, हेही अनेक वस्त्यांवर कोणी सांगितलेले नसते. मग लसीची फेरी ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. खोल जखमेला वेगळे प्रतिपिंडही टोचावे लागते आणि त्यासाठी मोठे रुग्णालय गाठावे लागते. प्रत्येक फेरीला एसटीचे भाडे आणि एका दिवसाची मजुरी जाते. ज्याला मजुरी बुडवणे परवडत नाही तो शेवटचा डोस चुकवतो. तेव्हा वस्तीवरच्या कुत्र्याला टोचलेली लस ही त्या वस्तीवरच्या मुलाचे संरक्षण असते. कुत्रे की माणूस, हा पेच ज्यांनी उभा केला त्यांनी दोघांपैकी कोणासाठीही लस मागितलेली आम्ही ऐकली नाही.

आमच्या बाजूचे म्हणवणाऱ्यांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. सकाळी फिरायला जाताना चौकात बिस्किटांचा पुडा फोडणे म्हणजे श्वानसेवा नव्हे. ज्या कुत्रीला तुम्ही रोज खाऊ घालता तिची शस्त्रक्रिया आणि लसीकरण झाले आहे की नाही हे तुम्हाला ठाऊक नसेल, तर कार्तिकातल्या खोक्यात तुमचाही वाटा आहे. ज्या आईच्या मुलाला कुत्रा चावला तिला ‘तुमच्या मुलानेच छेडले असेल’ असे सांगणारा मनुष्य प्राण्यांचा मित्र नाही. तिचा संताप न्याय्य आहे. तो संताप गल्लीतल्या कुत्रीवर दगड होऊन पडण्याआधी नगरपालिकेच्या पायऱ्या चढावा, यासाठी आपण तिच्यासोबत गेले पाहिजे.

हा प्रश्न आता आमच्या व्यवसायाच्या दारात आला आहे. ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलून, निर्बीजीकरण व लसीकरण झालेली कुत्री, ती रेबीजग्रस्त वा आक्रमक नसल्यास, मूळ जागी सोडावीत असे ठरवले. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने मात्र शाळा-महाविद्यालये, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वेस्थानके यांच्या आवारांतील कुत्री हटवून निवाऱ्यात ठेवावीत आणि पुन्हा तेथे सोडू नयेत, असे सांगितले. वसतिगृहातल्या मुलीला रात्री निर्भयपणे चालता यावे, या हेतूशी आमचे भांडण नाही. प्रश्न ‘निवारा’ या शब्दाचा आहे. आदेशातला निवारा म्हणजे वैद्य, कर्मचारी, विलगीकरणाच्या कोठ्या आणि रोजचे अन्न. तालुक्याच्या गावात तो शब्द उच्चारला की लोकांच्या डोळ्यांपुढे आमच्यासारख्यांची पत्र्याची शेड येते. त्या नोव्हेंबरनंतर आम्हाला येणाऱ्या फोनची भाषा बदलली. पूर्वी विनंती असे. आता ‘तुमचंच काम आहे ना?’ अशी विचारणा असते. न्यायालयाने ज्यांना आदेश दिला ते बाजूला राहिले आणि ज्यांचा उल्लेखही नव्हता त्यांच्याकडे बोट दाखवले गेले.

शब्दांचा व्यवसाय करणाऱ्यांना आणखी एक गोष्ट जाणवेल. २०२३ च्या नियमांनी या जनावरांना ‘सामुदायिक प्राणी’ म्हटले. आपण ‘भटकी’, ‘मोकाट’, ‘बेवारस’ म्हणतो. ‘भटका’ या शब्दाने मराठीत माणसांच्या जमातीही गावकुसाबाहेर ठेवल्या गेल्या, हा इतिहास ताजा आहे. ‘बेवारस’ म्हटले की वारस शोधण्याची जबाबदारी संपते. ‘सामुदायिक’ म्हटले की समुदायाला उत्तर द्यावे लागते. नवा शब्द रूक्ष आणि सरकारी वळणाचा आहे, हे खरे. पण ‘भूतदया’ या मधुर शब्दापेक्षा आम्हाला तो अधिक उपयोगाचा वाटतो, कारण त्याच्यापाठोपाठ हिशेब मागता येतो.

तो हिशेब मागावा, एवढीच या लेखाची मागणी. आपापल्या गावच्या नगर परिषदेत वा महानगरपालिकेत माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करून विचारावे: गेल्या वर्षी किती कुत्र्यांचे निर्बीजीकरण झाले, किती कुत्र्यांना रेबीजची लस दिली, त्यावर किती खर्च झाला, शस्त्रक्रियेची सोय कोठे आहे, महाविद्यालयाच्या आवारातून हटवलेली कुत्री कोणत्या निवाऱ्यात आहेत. अर्ज मराठीत लिहावा आणि विद्यार्थ्यांकडून लिहून घ्यावा. व्यावहारिक मराठीचा पाठ अभ्यासक्रमात आहेच. उत्तर आषाढाआधी मिळाले तर भाद्रपदापूर्वी काम सुरू करण्यास वेळ राहतो. आमच्या काळजाचे कौतुक तोपर्यंत थांबवले तरी चालेल.